रमिलाताईंचं दार

परवा दुपारी बेल वाजली. उघडून बघतो तर कुरियरवाला. पण हा माणूस उंबऱ्याला चिकटून न राहता चांगला दोन पावलं मागे सरकून उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा. पाकीट घेतलं, सही केली, तो गेला, आणि मी दार उघडं टाकून तिथंच उभा राहिलो. बायकोनं आतून विचारलं, कोण आलं होतं, तर माझ्या तोंडून नाव निघालं ते रमिलाताईंचं. रमिलाताईंना जाऊन वर्ष होत आलं, हे तिलाही ठाऊक आहे.

दार वाजवायचं आणि दोन पावलं मागे सरकायचं, ही रमिलाताई वरठांची पद्धत. "दार उघडणाऱ्याला आपण पूर्ण दिसायला पायजे," त्या म्हणायच्या. "अर्धाच माणूस दिसला की समोरचा घाबरतो. आणि घाबरलेला माणूस पहिलं खोटं बोलतो." मी अख्खं आयुष्य वीजबिलाच्या ऑफिसात काढलं, उमेदीच्या काळात मीटर वाचत दारोदार हिंडलो, पण दार कसं वाजवावं हे मला निवृत्त झाल्यावर या बाईंनी शिकवलं. आधी मी बेलवर अंगठा ठेवून दाबतच राहायचो. माझा स्वभावच तसा. मला थांबता येत नाही आणि राग लवकर येतो.

आमची संस्था म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. डहाणूत पिठाच्या गिरणीवर एक खोली, चार खुर्च्या, आणि सगळ्यावर पिठाचा पातळ थर. मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली तशा इथं बिल्डिंगी उठल्या. चिकूच्या वाड्या गेल्या, त्यात आमच्या भाऊबंदांच्याही गेल्या. खोल्या झाल्या, फ्लॅट झाले, एजंटांच्या पाट्या लागल्या. मग तलासरीकडची, गंजाडकडची शिकलेली मुलंमुली भाड्याची खोली शोधत यायला लागली. कुणी नर्स, कुणी शिक्षक, कुणी कंपनीत लागलेला. नाव विचारलं जायचं, गाव विचारलं जायचं, आणि मग खोली कालच गेलेली असायची. चिंचणीच्या कोळणीला वासाचं कारण, मुसलमानाला सोसायटीच्या नियमाचं, एकट्या बाईला फॅमिलीचं. वारल्याला तर कारणसुद्धा द्यायचे नाहीत, नुसते हसायचे. अशा लोकांना त्यांच्या कुवतीची खोली सरळपणे मिळावी, एवढंच संस्थेचं काम.

कायदा हाताशी फारसा नव्हता. मालकाची खोली, मालकाची मर्जी, असं म्हटलं की विषय संपायचा. म्हणून आम्ही जोडीनं जायचो. आधी रमिलाताई जाणार, खोली विचारणार. अर्ध्या तासानं मी जाणार, तीच खोली विचारणार. त्या गंजाडच्या पाड्यावरच्या वारली, मी झाईकडचा वाडीवाला सावे. त्यांना खोली गेलेली असायची आणि मला किल्ली दाखवली जायची. एवढं झालं की आम्ही दोघं मिळून तिसऱ्यांदा त्याच दारात उभे राहायचो.

या तिसऱ्या खेपेला मी काही बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. माझ्याकडून तो पाळला जायचा नाही. एकदा तलासरीच्या एका नर्ससाठी आम्ही स्टेशनाजवळच्या नव्या बिल्डिंगीत गेलो होतो. खाली लॉबीत भिंतभर वारली चित्रं. तारपा वाजवणारा, फेर धरलेल्या बाया, झाडं, मोर, सगळं एकदम झकास. वरच्या मालकानं ताईंना सांगितलं खोली गेली, मला सांगितलं उद्या सामान आणा. तिसऱ्या खेपेला मी तोंड उघडणार तोच ताईंनी माझ्या कोपराला बोट लावलं. "सावेभाऊ, तुमचा आवाज घरी वापरा," हळूच म्हणाल्या. मग मालकाकडे बघून, अगदी आनंदानं, "शेठ, मघा गेलेली खोली परत आली वाटतं. बरं झालं. आमच्या नर्सबाईला तीच पायजे होती."

माणूस कानापर्यंत लाल झाला. नर्सला खोली मिळाली. खाली उतरताना रमिलाताई लॉबीतल्या चित्रांपाशी थांबल्या, फेरातल्या एका बाईला बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे लोक भाडं देत नाय, तरी यांना ठेवलंय." मी रस्त्यात उभा राहून हसलो. त्यांनी पण हसून घेतलं. पण रिक्षात बसल्यावर गंजाडचा फाटा येईपर्यंत त्या बाहेरच बघत होत्या.

दिसायला बाई ठेंगणी, सडपातळ. केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली आणि कंगवा. खोली विचारायला जाताना ठेवणीतलं पातळ नेसायचं नाही आणि विटकंही नाही. "लग्नाला चाललोय असं दिसायला नको, नि भीक मागायला आलोय असं पण नको," हा हिशोब. त्यांच्या बोलण्यात टोमणा असायचा, पण तो कुणाला लागून रक्त येईल असा नसायचा.

दारांचं त्यांना वेडच होतं म्हणा. नकार घेऊन आम्ही जिना उतरायला लागलो की त्या कान मागे ठेवून उतरायच्या. दार कसं लागतं ते ऐकायच्या. धाडकन लागलं तर म्हणायच्या, "हा स्वतःवरच चिडलाय, पंधरा दिवसांनी परत येऊ." कडीबरोबर साखळी पण लागली तर, "याचं काय खरं नाय." एकदा एका दाराचा आवाज ऐकून म्हणाल्या, "हा मुलगा देईल खोली, पण त्याची आई देणार नाय." मी म्हटलं, दारावरून आई कशी कळली? तर म्हणाल्या, "लावताना मधेच थांबला. आतून कुणीतरी काहीतरी बोललं." आणि तसंच निघालं. मला या गोष्टीची चीड यायची. नाकारलेल्या माणसानं नाकारणाऱ्याचा इतका विचार का करावा, असं मी त्यांना भांडून विचारायचो. त्या नुसत्या खांद्यावरची पिशवी नीट करायच्या.

आणखी एक. खोली मिळाली, माणसं राहायला आली, की रमिलाताई सामान पोचवायला जायच्या, पण आत पाऊल टाकायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या. नवं बिऱ्हाड हाताला धरून ओढायचं, ताई चहा तरी घ्या, पहिला चहा तुमचाच. यांचं आपलं ठरलेलं, "बसायला नाय आले." त्या नर्सनं तर डोळ्यांत पाणी आणलं, तरी नाही. मी आत बसून दोन कप चहा आणि पोहे खाऊन यायचो, त्या जिन्यावर थांबलेल्या असायच्या. मी एकदा तडकून म्हटलं, हा कसला अहंकार? तेव्हा म्हणाल्या, "अहंकार नाय हो. बसायची सवय लागली की पुढच्या दारात उभं राहवत नाय."

एका गोष्टीत मात्र त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. एजंट लोक पोरांना पढवायचे, आडनाव बदलून सांगा, पाटील सांगा, राऊत सांगा, कोण बघतंय. पुष्कळांनी तसं केलंही. रमिलाताई त्यांना रागवायच्या नाहीत, पण संस्थेतून खोली हवी असेल तर स्वतःच्या नावानं, हे पक्कं. मला ते हट्टीपणाचं वाटायचं. एका पावसाळी दुपारी गिरणी बंद होती, वर आम्ही दोघंच होतो, आणि मी पुन्हा तो वाद काढला. म्हटलं, बिचाऱ्यांना डोक्यावर छप्पर मिळतंय, नावाचं काय घेऊन बसलात? तेव्हा त्यांनी मला त्यांच्या मुलाची गोष्ट सांगितली.

मुलगा कंपनीत लागला. लग्न झालं, सून शहाणी. खोली मिळेना, तेव्हा एजंटच्या सांगण्यावरून पाटील झाला आणि चांगल्या बिल्डिंगीत राहायला गेला. आईबापाला बिल्डिंगीचा पत्ता सांगितला होता, नावाचं सांगायचं राहिलं. की लाज वाटली असेल. रमिलाताई आणि त्यांचा नवरा पहिल्यांदा मुलाचं घर बघायला निघाले. बरोबर पिशवीत कोंबडा, करांद्याचे कंद, आणि सुनेला हिरव्या बांगड्या. फाटकावर वॉचमननं विचारलं, कुणाकडे? नवऱ्यानं छाती काढून मुलाचं नाव आडनावासकट सांगितलं. वॉचमन म्हणाला, असं इथं कुणी राहत नाही. हे म्हणाले, राहतो, आमचा मुलगा आहे. त्यानं वहीत बघितलं, दुसऱ्याला विचारलं. नाहीच. मुलगा कामावर, फोन लागेना. उन्हात फाटकाबाहेर उभे राहिले, मग वॉचमननं तिथूनही उठवलं, आणि हे दोघं कोंबड्यासकट एसटीनं परत गंजाडला आले.

"घरी येऊन ह्यांनी पिशवी ठेवली आणि म्हणाले, आपला मुलगा कुठं हरवला गं," ताई सांगत होत्या. आवाज साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "मुलगा वाईट नाय, सावेभाऊ. रात्री फोन आला तवा रडला. पण नाव लपवलं म्हणजे आईबापाला पण लपवायला लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं." त्यानंतर मुलगा महिन्या-दोन महिन्यांनी पाड्यावर यायचा, पण हे दोघं पुन्हा त्या फाटकावर गेले नाहीत. नवरा पुढं दम्यानं वारला. त्यानं मुलाचं घर बघितलंच नाही. मी तो वाद पुन्हा कधी काढला नाही.

आता हंसाबेनची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. बाजाराच्या मागं हंसाबेन म्हणून एक विधवा बाई राहते. खाली स्वतः, वर एक खोली, बाहेरच्या बाजूनं दगडी जिना. गुजराती घर, कांदा-लसूणही जपून. तिची वरची खोली रिकामी झाल्याचं कळलं आणि आमच्या पद्धतीप्रमाणे रमिलाताई आधी गेल्या. मी कोपऱ्यावर शहाळंवाल्यापाशी थांबलो. दहाच मिनिटांत त्या आल्या, चेहरा उतरलेला. माझ्या मुठी वळल्या. म्हटलं, बोलली ना काहीतरी? मी जातो आता.

"तुम्ही जाऊ नका," ताई म्हणाल्या. "ती हो म्हणाली."

आणि शहाळंवाल्याच्या बाकड्यावर बसल्या. हंसाबेन जिन्यावर कपडे वाळत घालत होती. यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिनं कपड्यांचा चिमटा दातांत धरूनच वरची खोली उघडून दाखवली, खिडकी उघडली, म्हणाली, हवा छान येते, सामान क्यारे लावशे? म्हणजे कधी आणतेस? रमिलाताईंना उत्तरच सुचेना. "इतक्या दारात गेले, तर नाय म्हणल्यावर काय बोलायचं ते सगळं येतं मला," त्या म्हणाल्या. "हो म्हणल्यावर काय बोलायचं ते मी कधी शिकलेच नाय. सांगते म्हणून पळून आले." मी हसायला लागलो, पण त्यांच्याकडे बघून गप्प झालो. त्यांचे डोळे भरले होते. शहाळंवाल्यानं न विचारता एक शहाळं फोडून पुढं केलं, तेही त्यांनी नुसतं हातात धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या, खरं सांगायला. मी म्हटलं, कशाला, खोली नको एवढं कळवलं की झालं. पण नाही. गेल्या आणि सांगितलं, की मला खोली नको होती, आमची अशी अशी संस्था आहे, तुम्ही देता की नाही ते बघायला आले होते. हंसाबेननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू मला तपासायला आली होतीस. मी काय चोर होती?" आणि दार लावलं. अगदी हळू, कडीचासुद्धा आवाज न करता. रमिलाताई कितीतरी वेळ जिन्यापाशी उभ्या होत्या म्हणे. पुढं कधी विषय निघाला की म्हणायच्या, "बाकीची दारं मी विसरले. ते नाय विसरत."

मग त्यांच्या पायांवर सूज यायला लागली. आधी म्हणाल्या, चालून चालून. मग चेहऱ्यावर आली. डॉक्टरनं किडन्यांचं सांगितलं, आणि आठवड्यातून तीनदा डहाणूला डायलिसिस सुरू झालं. गंजाडहून येणं-जाणं म्हणजे पाड्यावरून चालत रस्त्यापर्यंत, मग मिळेल त्या जीपनं डहाणू, आणि परतताना अंगात तर काहीच उरलेलं नसायचं. एकदा त्या फाट्यावर जीपमधून उतरल्या आणि तिथंच मातीत बसून राहिल्या. ओळखीच्या बाईनं बघितलं म्हणून घरी पोचल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना डहाणूतच खोली बघा, या अशा फार दिवस काढणार नाहीत.

आता बघा. जिनं एवढ्यांना खोल्या मिळवून दिल्या, तिला खोली मिळेना. वारली म्हणून तर होतंच, वर सगळे एजंट चेहऱ्यानं ओळखणारे. संस्थेची बाई, उद्या आपल्याच दारात माणसं उभी करेल. शिवाय आजारी. मुलगा म्हणाला, आई माझ्याकडे चल. मी म्हटलं, जा ना. तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. "त्याच्या बिल्डिंगीत मी कोण म्हणून राहू? पाटलाची आई म्हणून?" मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याची मला तेव्हा फार दया आली आणि त्याच वेळी दोन लगावाव्याशाही वाटल्या.

मी शेवटी म्हटलं, खोली माझ्या नावानं घेतो. सावे म्हटलं की उद्या किल्ली मिळेल, तुम्ही फक्त राहा. या गोष्टीवरून आमचं जे भांडण झालं तसं आयुष्यात झालं नव्हतं. गिरणीवाला वर येऊन बघून गेला. मी ओरडत होतो, तुम्ही मराल पण हट्ट सोडणार नाही. त्या ओरडल्या नाहीत. दमल्या होत्या, खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून म्हणाल्या, "माझ्या नावानं मिळाली तर मी त्या खोलीत जगेन. तुमच्या नावानं मिळाली तर नुसती लपेन. मी किती पोरांना हे सांगितलं, सावेभाऊ. आता मी काय सांगू त्यांना?" रागानं मी खाली उतरलो आणि शहाळंवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो. समोरच हंसाबेनचा दगडी जिना. वरच्या खिडकीला पडदा नव्हता. खोली पुन्हा रिकामी होती.

रमिलाताईंना तिकडे न्यायला मला आठवडा लागला. ज्या बाईंना मी कुठल्याही दाराशी जाताना अडखळताना बघितलं नव्हतं, त्यांना त्या एका दाराची लाज वाटत होती. "तिला मी दुखवलंय. आता गरज पडली म्हणून कुठल्या तोंडानं जाऊ?" शेवटी एका डायलिसिसनंतर परतायला जीपच मिळेना, तेव्हा तयार झाल्या. मी खाली फाटकापाशी थांबलो. त्यांनी खालचं दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. त्या दिवशी मागे सरकताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

हंसाबेननं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आज तपासायला आली की राहायला?"

"राहायला."

"नाव?"

"रमिला वरठा. गंजाडची." मग घाईघाईनं, मला फाटकापर्यंत ऐकू आलं, "मी मासळी खाते, सुकट खाते. आधी सांगते. आता डॉक्टरनं बंद केलंय. पण मी खाणारी आहे."

हंसाबेननं वरच्या जिन्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ते मी मागच्या वेळी पण विचारलं नव्हतं. किल्ली वरच्या खिळ्याला आहे. जिना सावकाश चढ." आणि आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं होतं. रमिलाताई पहिल्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मला रागीट माणसाला रडणाऱ्या बाईपाशी काय करावं ते कधीच कळलेलं नाही. मी जाऊन फाटक उघडबंद करून बघत राहिलो.

त्या खोलीत त्या जेमतेम एक पावसाळा राहिल्या. एक खाट, स्टो, पाण्याचा माठ, खिडकीत तुळस, ती हंसाबेननं दिलेली. मुलगा पहिल्यांदा आला त्या दिवशी मी खाली बाकड्यावर होतो. त्याला जिना ठाऊक नव्हता. गल्लीत उभा राहून त्यानं हंसाबेनला विचारलं, "रमिला वरठा इथं राहतात का?" स्वच्छ, मोठ्यानं. हंसाबेन म्हणाली, राहते ने, वर जा. तो वर जायच्या आधी क्षणभर तसाच उभा राहिला. मग गेला. त्यांच्यात काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. त्याच्या बिल्डिंगीत त्यानं नाव बदललं की नाही, तेही मला आजवर ठाऊक नाही.

मी त्यांना शेवटचा भेटलो तो श्रावण संपता संपता. आमच्या वाडीत चिकूला तोटा नाही, पण डॉक्टरनं त्यांना चिकू बंद केलेला, नारळपाणी बंद, फळं सगळी मोजूनमापून. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बायकोनं नवं पायपुसणं दिलं. "त्यांना दार झालंय, दारात काहीतरी हवं," म्हणाली. मी ते काखेत मारून दगडी जिना चढलो, दार वाजवलं, आणि सवयीनं दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो.

दार उघडलं. रमिलाताईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. चेहरा काळवंडला होता, हाताच्या शिरा फुगलेल्या. मग तोंड वाकडं करून, अगदी एखाद्या मालकाच्या आवाजात म्हणाल्या, "खोली कालच गेली हो."

आम्ही दोघं हसलो. त्यांना हसता हसता धाप लागली. मी पायपुसणं खाली ठेवलं, ते त्यांनी पायानं सरळ केलं, पुन्हा सरळ केलं. आणि मग म्हणाल्या, "आत या ना. बसा."

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी खाटेवर बसलो. त्यांनी चहा केला. मी नको नको म्हणत होतो, ते ऐकतंय कोण. साखर किती, आलं चालेल का, सगळं विचारून, स्टोपाशी बसून, सावकाश. कप एकच भरला. त्यांचं दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत काढून ठेवलेलं होतं, तेवढंच घोटघोट प्यायचं, बाकी काही नाही. त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि मी चहा पिताना बघत राहिल्या. मी भराभरा पिऊ लागलो तशा म्हणाल्या, "सावकाश प्या. घाई कसली." चहात आलं जास्त झालं होतं. मी तो चहा विसरणार नाही, एवढंच सांगतो.

बोलणं फार झालं नाही. तलासरीच्या एका शिक्षिकेसाठी खोली बघायची होती, तिचं त्यांनी विचारलं. कुणाला बरोबर घेऊन जाता, म्हणाल्या. मी सांगितलं, ती नर्स येते, तुमच्या जागी. "तिला सांगा, मागे सरकायला विसरायचं नाय." मग दमल्यासारख्या दिसल्या म्हणून मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या. मी म्हटलं, तुम्ही पडा आता, मी लावून घेतो दार.

"तुम्ही जावा," त्या म्हणाल्या. "दार माझं आहे."

मी जिना उतरू लागलो. त्यांच्याबरोबर इतके जिने उतरलो होतो, त्यामुळं माझाही कान आपोआप मागे राहिला. आता लागेल, आता लागेल. मधल्या वळणावर आलो, खाली आलो. हंसाबेनच्या दाराशी वाळत घातलेल्या कपड्यांतून वाट काढली, फाटक उघडलं, बाहेर येऊन कडी लावली. काही आवाज नाही. वर बघितलं तर रमिलाताई चौकटीला एक हात लावून, नव्या पायपुसण्यावर उभ्या होत्या, दार मागे सताड उघडं. मला हात हलवून जा म्हणाल्या. मी शहाळंवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत आलो. तिथपर्यंतही दार लागल्याचा आवाज आला नाही.